दामलेसाहेबांच्या दुर्वा

दामलेसाहेब गवताला नमस्कार करायचा. जपानात, इचिकावात आमच्या घराजवळ नदीकाठी सरकारने राखलेलं गवताळ रान आहे. रविवारी मराठी मंडळी जमवून तो तिथे न्यायचा, फाटकाशी टोपी काढायचा आणि वाकून म्हणायचा, "आम्ही फक्त पाहुणे!" मग मागे वळून बघायचा, कोणी फोटो काढला का. नसेल काढला, तर पुन्हा वाकायचा.

तोयोसूच्या ऑफिसात तो माझ्या मुलाचा, नितीनचा, साहेब. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे. हे कोणी वाचणार नाही, म्हणून होता तसा लिहिते.

मोठा भूकंप झाला तेव्हा हा मिळेल त्या विमानाने पुण्याला पळाला. ऑफिसातल्या पोरांना "घाबरू नका" हा निरोप त्याने विमानतळावरून दिला, असं नितीन सांगतो. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर परतला तो साधू होऊन. "काकू, धरणीने मला नम्र केलं." हा नम्र माणूस आमच्याकडे आला की सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसायचा आणि तिसऱ्या पुरणपोळीला म्हणायचा, "अर्धीच हं!"

त्या रानात मी रोज सकाळी जायचे. मला जपानी येत नाही, दुकानात शिरायची भीती वाटते. घराबाहेर माझी म्हणावी अशी तेवढीच जागा. फळ्यांच्या वाटेवरून चालायचं, दोरीपलीकडे उतरायचं नाही. तिथला म्हातारा राखणदार मला बघून झाडू थांबवायचा आणि वाकायचा. मीही वाकायचे. मुलगा-सून सोडले तर रोज माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

गणपती बसायच्या दिवशी दामले सकाळीच दारात. मंडळाच्या मूर्तीला दुर्वा आणायच्या राहून गेल्या होत्या.

"चल नितीन. काकू, तुम्हीही चला, तुमचं रोजचं जाणं-येणं आहे."

रानात पोचल्यावर त्याने दोरीवरून पाय टाकला. मी म्हटलं, "साहेब, इथलं तोडत नाहीत."

"देवाच्या कामाला नियम नसतो, काकू. बाप्पा काय पोलिसात जाणार आहे?" स्वतःच्याच विनोदाला हसत त्याने मूठभर गवत मुळासकट उपटलं. तेवढ्यात फोन वाजला. "जरा धरा."

मी धरलं. राखणदार आला तेव्हा गवत माझ्या हातात होतं.

दामले कमरेत वाकून जपानीत बरंच बोलला, मधे मधे माझ्याकडे हात करत. नितीन बुटांकडे बघत राहिला. राखणदाराने ते गवत माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतलं.

घरी आल्यावर विचारलं, "काय म्हणाले रे साहेब त्याला?"

"सोड ना, आई."

"सांग."

"म्हणाले, गावाकडची बाई आहे, अडाणी. पाटी वाचता येत नाही. मी समज देतो तिला."

"आणि तू?"

"माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या हातात आहे गं."

पाटीवर हाताचं चित्र आहे आणि त्यावर लाल फुली. ते वाचायला माझी चौथीसुद्धा जास्तच होते.

संध्याकाळी आरतीनंतर दामलेने भाषण केलं. "यंदा आपण बाप्पाला दुर्वा वाहिल्या नाहीत. निसर्गासाठी!" टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी रानात गेले. राखणदार वाकला, पहिल्यासारखाच. पण मी चालू लागल्यावर त्याने झाडू बाजूला ठेवला आणि थोडं अंतर राखून माझ्या मागे आला, फाटकापर्यंत. अजून येतो.

पुढच्या वर्षी दामलेची बदली पुण्याला झाली. निरोप आमच्याच घरी होता. जाणाऱ्याने सुखाने जावं, पुन्हा यावं म्हणून हातावर दही ठेवतात. मी वयाने मोठी, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. त्याने तळहात पुढे केला. "द्या काकू. परत यायचंय मला, माझं गवत वाट बघेल!"

"दही लागलं नाही," मी म्हटलं.

सून ओट्यापाशी उभी होती. दह्याचं भरलेलं पातेलं तिच्या पुढ्यातच होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि त्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची कढी केली. चांगली झाली.