मोफत सिंगल फोटो

तमाम जनतेला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, आमच्या भागात चांगल्या मनाने कुणाचाही एकट्याचा फोटो काढू नये. काढल्यास होणाऱ्या परिणामांना फोटोग्राफर स्वतः जबाबदार राहील. ही सूचना मी स्वखर्चाने, स्वानुभवाने आणि दातओठ खाऊन देतो आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानांनी नेले, वाढदिवस मोबाइलने नेले. माझ्या वाट्याला राहिली लग्नं आणि तेरव्या. लग्नाचं ठीक आहे, तिथे माणसं निदान जिवंत असतात. तेरवीचं गिऱ्हाईक मात्र मोबाइल पुढे करतं. त्यात मांडवात पंचवीस माणसं जेवत असतात आणि ‘आमचे बाबा’ म्हणजे कुणाच्या तरी खांद्यामागचा पाऊण चेहरा, तोंडात घास.

“यातून बाबाले सिंगल करून द्या जी. उद्या पायजे.”

“तोंडात घास आहे.”

“तो काढून टाका.”

काढून टाका! जसा काही मी चिमटा घेऊनच बसलोय. खांदा नाही, कान नाही, एक डोळा मिटलेला. हे सगळं मी कुठून आणू? एकदा तर गेलेल्या माणसाला मी त्याच्या धाकट्या भावाचा कान लावून दिला. कुणालाच कळलं नाही. भावालाही नाही.

पण संताप होतो हो! माणूस ऐंशी वर्षं जगतो, प्रत्येकाच्या लग्नात मागच्या रांगेत उभा राहतो, आणि घरच्यांना त्याचा एक धड फोटो काढावासा वाटत नाही. मग गेल्यावर धावत माझ्याकडे. त्या संतापातच मला धंद्याची कल्पना सुचली. मी दुकानाबाहेर फलक लावला : ‘लग्नाची ऑर्डर देणाऱ्यांच्या घरातील सर्व ज्येष्ठांचा सिंगल फोटो मोफत. फ्रेमसह.’ लोक आशीर्वाद देतील, अशी माझी भाबडी समजूत.

पहिलंच गिऱ्हाईक केशोरी गावचं. धानाची मोठी शेती. बहीण-भाऊ दोघांची लग्नं एकाच मांडवात. माझ्या सीझनचं सगळ्यात मोठं काम. ते गेलं तर दुकानाचं भाडं निघणं मुश्कील. मुलांच्या वडिलांशी माझी बोलणी जवळजवळ झाली होती. मुलांची आजी बाकावर बसून होती. आजोबा तेवढे बाहेर थांबून फलक वाचत होते. आत आले ते काठी आपटतच.

“काऊन रे, मी मरून रायलो का?”

“नाही जी, आजोबा, तसं नाही...”

“मंग सिंगल फोटो कायले? आन फ्रेमबी संगंच! भिंतीत खिळा कोन ठोकनार, तूच का?”

“आठवण म्हणून जी.”

“कोनाची आठवण? मी तं तुह्यापुढं उभा हावो!”

तेवढ्यात त्यांचा मुलगा, ज्याच्याशी माझी बोलणी चालली होती तोच, समजुतीने म्हणाला, “बाबा, फुकट हाय तं काढून घ्या ना.”

“तुले लय घाई झाली वाटते!” आजोबा त्याच्यावर उलटले. “चाल, काम गोंदियाच्या फोटोवाल्याले देऊ. तो जित्या मानसाचा धंदा करते.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. जो एकटा माणूस त्या म्हाताऱ्याचा चेहरा धड राहावा म्हणून धडपडतोय, तोच गिधाड ठरला? मी मुलाला म्हणालो, “भाऊ, मोबाइल काढा. आजोबांचा एक तरी साफ फोटो दाखवा. मी फलक आत्ता उतरवतो.”

तो शोधू लागला. बोट वर सरकवून सरकवून थकला. नव्या ट्रॅक्टरचे फोटो चौदा निघाले. समोरून, मागून, नंबर प्लेटचा वेगळा. आजोबा त्यातल्या एकात होते, तेही टायरमागे, अर्धे.

आजोबांनी तो फोटो पाहिला. मग मुलाकडे पाहिलं. मुलगा पंख्याकडे पाहत होता.

“ट्रॅक्टरचे चौदा,” आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “काढ माहा फोटो. याच्या नाकावर टिच्चून काढ. पन आयक, चांगला निघाला तरच लग्नाचं काम तुले. नाई तं गोंदिया.”

आयुष्यात इतक्या काळजीने मी कॅमेरा धरला नाही. टोपी नीट केली, चष्म्यावरची चमक घालवली. त्यांनी सवयीने हात जोडले, ते मी घाईघाईने सोडवले. नसत्या शंकेला जागा नको! काठी हातात दिली आणि म्हटलं, “मुलाकडे बघा.” त्या नजरेत जे तेज आलं, ते कुठल्याही लाइटने आलं नसतं.

फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. आजोबा बराच वेळ पाहत राहिले. मिशीवरून हात फिरवला.

“लिव तारखा,” ते म्हणाले.

मी बुकिंगची वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात आजी बाकावरून उठली, पदराने चष्मा पुसला, स्क्रीनजवळ आली आणि तिने फोटोला मनोभावे हात जोडले.

“अवं माय! यायचा फोटो तं आत्ताच हार घालाव असा आला!”