तेजरामभाऊंचं बोट

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगणार आहे, पण आधी जरा माझी फुशारकी ऐकून घ्या. ती तरी खोटी नाही.

मी जिंकलोय! गोंदियाच्या कुडव्यात, मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून, मी एकट्यानं मोबाइल कंपन्यांना चकवलंय. आज गोरेगावपासून पार बालाघाटपर्यंत, उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करणाऱ्या राईस मिलांमध्ये माझं ॲप चालतं. गरम पाण्याच्या टाकीत धान किती वेळ भिजलं ते मोजतं आणि वेळ भरली की कळवतं. उशीर झाला तर दाणा फुटतो, वास धरतो, अख्खी टाकी हातची जाते. माझं ॲप आल्यापासून जात नाही. मागच्या महिन्यात मिलवाल्यांनी शाल-श्रीफळ दिलं, आणि काय सांगू — मला भारी वाटलं. अजून वाटतं.

पण सुरुवातीला हेच ॲप दगा द्यायचं. स्क्रीन विझली की बॅटरी वाचवायच्या नावाखाली मोबाइल मागे चालणारी ॲप परस्पर बंद करतो. बड्या कंपन्यांच्या ॲपना सूट असते. माझ्यासारख्या एकट्याला कोण विचारतो? मी सूट मागितली, दोनदा नकार आला, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर. सेटिंग बदलून द्यावी, तर पुढच्या अपडेटला ती पुन्हा जिथल्या तिथे. अलार्म कधी वाजायचा, कधी नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी ॲप मिलमध्ये लावलं — इथून माझी गोष्ट सुरू होते.

पहिली मिल नागऱ्याच्या रस्त्यावरची. तिथे टाकीवर तेजरामभाऊ होते. वीस वर्षं त्यांनी घड्याळाकडे न बघता, नखानं दाणा दाबून वेळ ओळखली होती. मीच मालकांच्या मागे लागलो, की आता नख नको, मोबाइल वाजेल तेव्हाच पाणी सोडायचं. भाऊंनी मुकाट्यानं ऐकलं.

आणि एका दुपारी तो वाजलाच नाही.

नेमके त्याच दिवशी आणखी तीन मिलवाले ॲप बघायला आलेले. टाकीभर धानाचा आंबूस वास सुटलेला. भाऊ म्हणाले, "दाणा झाला होता बाप्पा, मले समजून राहिलं होतं. पण मोबाइल बोलला नाई, म्हणून थांबलो."

मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. ॲपची नोंद उघडली. तिथं स्वच्छ दिसत होतं — ॲप मोबाइलनंच बंद केलं होतं, स्क्रीन विझल्यावर. माझ्याशिवाय ती नोंद कुणाला वाचता येणार होती? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी हसत म्हणालो, "ॲप चुकत नाही हो. भाऊंचं बोट लागून बंद झालं असेल."

भाऊंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. "लागलं असंल," म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला, कळतंय का तुम्हाला? माझ्यावर ठेवला, स्वतःच्या हातावर नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना टाकीवरून काढून गेटवर बसवलं, ट्रक आत-बाहेर सोडायला. तिन्ही मिलवाल्यांनी ॲप घेतलं.

आता ज्या युक्तीची शाल मला मिळाली, ती ऐका. काही आठवड्यांनी गेटवर भाऊंनी मला थांबवलं. राग नव्हता, नुसतं कुतूहल. "पोरगी फोन करते तं झोपलेला मोबाइल उठते. तुयं ॲप काऊन नाई उठत?" मी गाडी तिथूनच वळवली. मोबाइलच्या आत मोजायचंच कशाला? माझ्या खोलीतला कॉम्प्युटर मोजेल आणि वेळ भरली की सरळ फोन लावेल! आलेला फोन कुठला मोबाइल दाबून ठेवतो? पहिल्यांदा ती रिंग वाजली तेव्हा मी खोलीत अक्षरशः नाचलो. ती युक्ती माझी, असं मी सगळ्यांना सांगितलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण नाही. नव्या मिलमध्ये ॲप शिकवताना मी आजही किस्सा सांगतो — नागऱ्याच्या रस्त्यावर एक तेजरामभाऊ होते, बोट लागलं आणि टाकी गेली. नावासकट सांगतो. लोक खो-खो हसतात, आणि पुढचं काम सोपं होतं.

परवा त्या गेटवरून जात होतो. भाऊंचा मोबाइल वाजत होता, मुलीचा फोन. त्यांनी तो दोन बाजूंनी अलगद धरून, स्क्रीनला हात न लावता, माझ्यापुढे केला. "तूच उचलून दे बाप्पा, माया बोटानं बंद होऊन जाते."

मी उचलून दिला आणि निघून आलो.

त्यांचं बोट लागलं नव्हतं. मी पाहिलं होतं.