मारोतीभाऊंचा जोड

गेल्या आठवड्यापर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती — बायकोलासुद्धा नाही. तिला तर माझ्या सत्काराचा कोण अभिमान! ती शाल अजून कपाटात आहे, घडीही मोडलेली नाही. तुम्हाला सगळं सांगतो, पण अडखळत सांगेन. या एका बाबतीत खरं बोलायची सवय उरलेली नाही.

लातूरच्या एका तेलगिरणीत बॉयलर माझ्या ताब्यात. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या कामगारांच्या घरी आंघोळीलाही पाणी नव्हतं. आणि गिरणीत? वाफ आपलं काम करून पुन्हा पाणी होते — गरम, स्वच्छ पाणी — ते आम्ही परत बॉयलरलाच पाजत होतो. मला ते बघवेना. ते पाणी निववून मी कामगारांना वाटायला लावलं. बॉयलरला दिलं बोअरचं खारं पाणी, क्षार काढून. बायका घागरी घेऊन फाटकाशी यायच्या, मला ‘पाणीवाले साहेब’ म्हणायच्या. मालकांनी सगळ्यांसमोर शाल-श्रीफळ दिलं. मी केवढा फुगलो होतो म्हणून सांगू?

यात चूक कुठे, असं तुम्ही म्हणाल. तीच तर सांगतोय.

बोअरचं पाणी गार. शिवाय ते थोडं थोडं यायचं, म्हणून पंप सारखा चालू-बंद. प्रत्येक वेळी बॉयलरला पाणी नेणाऱ्या तापलेल्या पाइपाच्या तोंडात गार पाणी शिरायचं, धातू आकसायचा. पंप थांबला की पुन्हा तापून फुगायचा. तार वाकवून सरळ करत राहिलं की तुटते ना, तसंच हे. त्यात ताज्या पाण्यात हवा विरघळलेली — चीर पडली की आत गंज शिरतो आणि ती भराभर वाढते. कोरड्यात टिकणारा धातू पाण्यात लवकर थकतो. हे मी नांदेडला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पाणी आधी तापवून दिलं असतं तरी भागलं असतं. पण कौतुकात न्हाऊन निघालेल्या माणसाला ते आठवतं थोडंच?

पुढे काही महिन्यांनी तो पाइप बॉयलरच्या तोंडाशीच फाटला. उकळत्या पाण्याचा फवारा उडाला. जवळ कुणी नव्हतं, हे नशीब.

तो पाइप जोडला होता हदगावच्या मारोतीभाऊंनी. लातुरात भाड्याने राहून ते गिरण्यांची वेल्डिंगची कामं करायचे. मी फाटलेला तुकडा कापून उभा चिरला. आतून, पाण्याच्या बाजूने, बारीक चिरा — शेजारी शेजारी, गंजाने भरलेल्या. जोडापासून बोटभर लांब. जोडाला काही झालेलं नव्हतं. मला एका नजरेत कळलं.

तेवढ्यात मालक आले. काय झालं, म्हणाले. आणि मी — मी म्हणालो, जोड कच्चा होता.

नोकरी जाईल म्हणून? नाही हो. मालक भला माणूस. मला ‘पाणीवाले साहेब’ राहायचं होतं, एवढंच.

मारोतीभाऊ भांडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बघून म्हणाले, “असंल साहेब. त्या दिशी अंगात ताप व्हता. हात हुकला असंल.”

लातूरच्या गिरण्यांनी त्यांना बोलावणं सोडलं. ते हदगावला परतले, गेट आणि खाटा जोडू लागले. पुढे कळलं की प्रेशरच्या पाइपाचं काम दारात आलं तरी ते घेत नाहीत, आपल्याच हाताचा भरवसा नाही म्हणतात. हे ऐकूनही मी गप्प राहिलो. तुकडा माझ्या खणात होता.

गेल्या आठवड्यात गिरणीत वाफेची नवी लाइन टाकायची निघाली. मालक म्हणाले, चांगला हात बघा. माझ्या तोंडून मारोतीभाऊंचंच नाव निघून गेलं. मालक बघत राहिले. मग मी खण उघडला आणि सगळं सांगून टाकलं. माझ्यासमोरच मालकांनी दोन-तीन गिरणीवाल्यांना फोन लावले, मारोतीच्या कामात खोट नव्हती म्हणून सांगितलं. मी हदगावची एसटी धरली.

मारोतीभाऊ शेडमध्ये खाट जोडत होते. तुकडा त्यांच्यासमोर ठेवला, सगळं सांगितलं, नव्या लाइनचंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तुकडा उन्हात नेला, पॉलिश पेपरने घासला, जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. मग घराकडे तोंड करून हाक मारली.

“अगं, इकडं ये. हे बघ — माझा जोड साबूत हाय.”

त्यांची बायको पिठाचे हात पुसत आली. दोघं त्या तुकड्यावर वाकून उभे राहिले. मी बाजूला होतो. माफी हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. त्या वेळी त्यांच्याकडून आणखी काही मागायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मारोतीभाऊंनी वर बघितलं.

“नवी लाइन किती इंची हाय?”

मी सांगितलं.