रविवारी शिजवलेला आठवडा

वसंत गेल्याची बातमी मला ऑफिसात फोनवर कळली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते. पहिल्या पाळीला निघालेला वसंत जिन्याच्या वळणावर जरा टेकला, तो पुन्हा उठलाच नाही... डॉक्टर येऊन गेले, तुम्ही लगेच निघा. अशा वेळी माणसं 'काय सांगता!' म्हणतात, 'कालच तर बोललो' म्हणतात, नाहीतर गप्प राहतात. मी म्हणालो, "त्याच्या फ्रीझरचं बटण कोणी बंद करू नका हं." मग सेक्रेटरी लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "तुम्ही आधी घोटभर पाणी प्या बघू." त्यांना वाटलं, मला धक्का बसलाय. तो बसला होताच, पण ते वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोललो होतो. त्या फ्रीझरमध्ये काय आहे आणि ते कोणासाठी आहे, हे वसंतच्या खालोखाल मलाच ठाऊक होतं. आता काही आठवडे उलटून गेलेत, तर म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा तिथे माणसांपेक्षा इमारती जास्त आणि इमारतींपेक्षा चिखल जास्त होता. पत्ता म्हणून सेक्टरचा आकडा सांगावा लागे, आणि मुंबईचे पाहुणे तो आकडा विसरून खाडीपुलावरूनच परत जात. माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये वसंत, त्याची बायको नलिनी आणि दोन मुली, शुभा आणि मिनू. मी एकटा. माझ्या लग्नाचा विषय तोवर सगळ्यांनी सोडून दिला होता, मी तेवढा धरून होतो. त्यामुळे माझं जेवण बहुतेक नलिनीवहिनींच्या हातचंच असे, आणि ते फुकटचं वाटू नये म्हणून मी त्यांचे बिघडलेले दिवे दुरुस्त करायला जाई. मग वसंत मी दुरुस्त केलेले दिवे दुरुस्त करी.

वहिनी काविळीनं गेल्या. दुखणं असं लांबलंच नाही, समजेपर्यंत संपलं. शुभा तेव्हा पाचवी-सहावीत असेल, मिनू नुकती शाळेत जायला लागली होती. दिवसकार्य आटोपलं आणि वहिनींच्या आईनं, आक्कांनी, मुलींचे कपडे ट्रंकेत भरायला घेतले. आक्का वाईजवळच्या एका गावच्या. बोलणं मोजकं, पण एकदा बोलल्या की विषय संपला. "वसंतराव, तुमच्या पाळ्या. कधी सकाळची, कधी रात्रीची. पोरींनी खायचं काय, पाव?" वसंत ट्रंकेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "आक्का, जेवणाचं मी बघतो." "पुरुषमाणूस काय बघणार?" "मे महिन्यात या. जेवून बघा. पोरींची आबाळ झालेली दिसली तर घेऊन जा, मी अडवणार नाही." आक्कांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघून त्यांचा विश्वास आणखी कमी झाला असावा, पण ट्रंक त्यांनी बंद केली.

वसंत वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात मशीनवर होता. तिथे कोळंबी गोठवून परदेशी पाठवत. घरी येऊन तो मला म्हणाला, "बाळ्या, कोळंबी सहा महिने टिकते, तर मटकीची उसळ आठ दिवस का टिकू नये?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणजे माझ्याकडे नव्हतं. अख्ख्या सोसायटीकडे होतं: शिळं ते शिळंच, त्याला बर्फ लावा नाहीतर अत्तर. पण वसंतनं कोणाला विचारलंच नाही. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा स्वयंपाक करायचा, गोठवायचा, रोज कामावर जाताना त्या दिवसाचं बाहेर काढून ओट्यावर ठेवायचं. दुपारी शाळेतून आल्यावर शुभानं गरम करायचं आणि दोघींनी जेवायचं. कारखान्यातली साप्ताहिक सुट्टी त्यानं साहेबाच्या हातापाया पडून रविवारची करून घेतली.

भाजीची जबाबदारी माझी. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार नुकताच आमच्याकडे येऊन बसला होता. तिथे किलोभर मागणाऱ्याकडे दलाल भिकाऱ्याकडे बघावं तसे बघत. मला अपमान सहन होत नाही. पहिल्याच फेरीत मी बटाट्याची अख्खी गोणी घेऊन आलो. वसंतनं निमूटपणे त्याची भाजी केली, गोठवली, आणि मंगळवारी ती बाहेर काढली तेव्हा बटाट्याचा स्पंज झाला होता. दाबला की पाणी, सोडला की पुन्हा फुगे. मिनूनं त्या बटाट्यानं पाटी पुसून दाखवली. त्यानंतर बटाटा बाद झाला. पोळ्या लाटण्याचं कामही काही दिवस माझ्याकडे होतं. पण माझ्या पोळ्या गोठण्याआधीच्या कुठल्या आणि नंतरच्या कुठल्या हे ओळखता येईना, म्हणून तेही काढून घेतलं गेलं. शेवटी डब्यांवर चिठ्ठ्या लिहिण्याचं निरुपद्रवी काम माझ्याकडे आलं. ते मी माझ्या लाडक्या शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात केलं. बर्फाच्या ओलीनं सगळी शाई वाहून गेली. त्या आठवड्यात पोरींनी वरण म्हणून भातावर घेतलं ते पुरण निघालं. दोघी हसून हसून लोळल्या. वहिनी गेल्यानंतर त्या घरात कोणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्याचं श्रेय मी अजूनही कोणाला देत नाही.

घरचा फ्रिजसुद्धा माझ्याच हातून गेला. बर्फाच्या कप्प्यात डबा चिकटून बसला होता. वसंत कामावर होता. मुलींना भूक लागलेली. मी स्क्रू ड्रायव्हर घातला आणि जोर लावला. डबा निघाला, त्याबरोबर 'फुस्स' असा आवाजही निघाला. शुभानं विचारलं, "काका, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, डबा मोकळा झाला." मोकळा फ्रिज झाला होता. मेकॅनिकनं कप्प्याला पडलेलं भोक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शेठ, गॅस गया." वसंत रागावेल असं वाटलं होतं. तो नुसता विचारात पडला आणि दोन दिवसांनी हातगाडीवरून एक पेटी घेऊन आला. चेंबूरला आइस्क्रीमचं एक दुकान बंद पडलं होतं, तिथला हा मोठा आडवा डीप फ्रीझर. तो हॉलमध्येच मावला. वर सतरंजी आणि वहिनींनी भरलेली चादर टाकली की थेट दिवाण. भेटायला आलेली माणसं त्यावर बसत आणि थोड्या वेळानं अस्वस्थ होऊन उठत.

मग तो रविवारचा कारखाना खरा सुरू झाला. पहाटेपासून कडधान्यं शिजत. कटाची आमटी, अळूची भाजी, मटकी, वाटण, अर्धवट भाजलेल्या पोळ्या. पंख्याखाली परातीत सगळं निववून पिशव्यांत भरायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या असत. तोंडापाशी हॅक्सॉची पात लावायची, बाहेर राहिलेली कड मेणबत्तीवरून फिरवायची, की पिशवी बंद. ती बंद होण्याआधी आतली हवा नळीनं ओढून घ्यायचं काम मिनूचं. गाल आत घेऊन, डोळे मोठे करून ती हवा ओढी आणि विचारी, "बाबा, माझ्या पोटात गेली हवा, आता मी पण टिकेन ना?" "टिकशील," वसंत म्हणे. "तुला मी सगळ्यात खाली ठेवणार." कारखान्याचा नियम त्यानं घरी लावला होता: आधी आत गेलेलं आधी बाहेर. जुनं तो स्वतः खाई, डबा भरून पाळीला नेई आणि बहुतेक वेळा तसाच गार खाई. ताजं मुलींसाठी.

मे महिन्यात आक्का आल्या. आल्या त्या सरळ दिवाणावर बसल्या. क्षणभरानं म्हणाल्या, "हा दिवाण घुरघुरतोय कशाला?" वसंतनं चादर काढून झाकण उघडलं. आतून वाफेसारखं धुकं वर आलं. आक्कांनी वाकून बघितलं. रांगेनं लावलेल्या पिशव्या, डबे, आणि आता पेन्सिलीनं लिहिलेल्या माझ्या चिठ्ठ्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच वीज गेली ती दिवसभर आली नाही. वसंतनं फ्रीझरला गोणपाटं गुंडाळली, त्यावर बर्फवाल्याकडचा भुसा घातला आणि मला ताकीद दिली, "झाकण उघडून बघायचं नाही. तू तर नाहीच." संध्याकाळी दिवे आले तेव्हा आत सगळं दगडासारखं होतं. दोन दिवस आक्का तेच जेवल्या. तिसऱ्या दिवशी पानावरून उठताना म्हणाल्या, "वसंतराव, अन्नाला नाव ठेवायला जागा नाही. आमटी तर नलूच्या हातची वाटली. पोरी अंगानं भरल्यात." बस्स. वसंतनं माझ्याकडे बघितलं. इतका उघडाबोडका आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर पुन्हा कधी पाहिला नाही. मी तर मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटले.

आणि शुभा म्हणाली, "आजी, मी येऊ तुझ्याबरोबर?"

कोणाला काही कळेना. आक्काच म्हणाल्या, "अगं, का? बाबा एवढं करतात... जेवायला आवडत नाही का?" "आवडतं." "मग?" शुभानं बराच वेळ फ्रॉकची कड चुरगळली. "शाळेतून आले की कुलूप मलाच काढायला लागतं. आत कोणीच नसतं. जेवण असतं, पण कोणीच नसतं." मग बापाकडे बघून घाईनं म्हणाली, "बाबा, तुमचं जेवण छान असतं हो. खरंच." मिनूनं ताईचा हात धरला. ताई जाणार तिथे ती जाणार, हे विचारायचीही गरज नव्हती.

वसंत काय बोलला असता? नोकरी सोडतो म्हणाला असता, तर खाणार काय? दुसरं लग्न करा, असं आक्कांनीच चाचरत सुचवलं, पण ते त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही. माणसानं रात्रंदिवस अभ्यास करावा, पहिला यावा आणि मग कळावं की पेपर दुसऱ्याच विषयाचा होता... तसं काहीसं. त्यानं ट्रंक स्वतः भरली. एस.टी.त बसवून आला. पुढच्या रविवारी पहाटे त्याच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हणून मी गेलो. मटकी शिजत होती, चौघांच्या मापानं. "कोणासाठी?" मी विचारलं. "सुट्टीत येतील ना." त्या नुकत्याच गेल्या होत्या.

सुट्टीत त्या येत. पहिल्या दिवाळीत आल्या, मे महिन्यात आल्या. मग शुभाची दहावी आली, मिनूच्या गावाकडच्या मैत्रिणी आल्या, आक्कांचं दुखणं आलं. येणं कमी झालं, शिजवणं नाही. एकदा त्यानं मला बरोबर घेऊन थेट गावीच धडक मारली. बर्फ आणि भुसा भरलेला पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन आम्ही पनवेलहून एस.टी.त बसलो. मी डब्याला टेकून झोपलो आणि उठलो तेव्हा माझा अर्धा लेंगा ओला होता. समोरच्या बाईनं आपलं मूल माझ्याकडे बघू नये म्हणून त्याचं तोंड फिरवलं. पोचलो तेव्हा मुली गरम भाकरी खाऊन हात धूत होत्या. "बाबा, ठेवा ना, संध्याकाळी खाऊ," मिनू म्हणाली. आक्कांकडे फ्रिज नव्हता. संध्याकाळी ते म्हशीपुढे गेलं. परतीच्या वाटेवर वसंत म्हणाला, "म्हशीला आवडली असेल उसळ." विनोद करणं हे आमच्यात माझं काम होतं. त्यानं केला तेव्हा मला हसता आलं नाही.

अशी वर्षं गेली. इमारती वाढल्या, चिखल कमी झाला. फ्रीझर घुरघुरत राहिला. मीही वसंतला समजावणं सोडलं आणि रविवारी मुकाट्यानं चिठ्ठ्या लिहू लागलो. शुभाचं लग्न गावाकडेच झालं. ती सासरी गेली त्या आठवड्यातही अळूची भाजी गोठली, कारण ती तिची आवडती.

माझ्या त्या फोनचा उपयोग झाला नाही, हे सांगायला हवं. भेटायला आलेल्यांना उकडत होतं, म्हणून कोणीतरी फ्रीझरची पिन काढून तिथे टेबलफॅन लावला. तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा कळलं. मी आणि सोसायटीच्या वॉचमननं सगळं पोत्यात भरून नेऊन टाकलं. मुलींना मी बघू दिलं नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढायचं असतं. शुभानं विचारलं, "काका, बाबांना काय आवडायचं?" माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं, चुकीचं का होईना. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. "मटकीची उसळ?" शुभा म्हणाली. "ती मला आवडते," मिनू म्हणाली. "मग अळूची भाजी?" "ती तुला." "कटाची आमटी..." "ती आईची." एवढी वर्षं मी त्याच्यासमोर बसून जेवलो होतो. तो पिशव्यांतली सगळ्यात जुनी उचलायचा, आणि तिच्यात निघेल ते खायचा.

शेवटी मी ठोकून दिलं, "वरणभात. गरम. वर तूप." शुभानं माझ्याकडे बघितलं. तिला ते खोटं वाटलं असणार, पण दुसऱ्या दिवशी तिनं तेच शिजवलं, एकाच माणसापुरतं, आणि पान मांडलं. मुदीतून वाफ वर येत होती. ती थांबेपर्यंत आम्ही तिघं पानाकडे बघत बसलो...