सुगंधाबाईंचा अंगठा

पाड्यांवर बालवाड्या चालवणाऱ्या आमच्या मंडळाचा लोकसंपर्क माझ्याकडे होता. म्हणजे काय, तर बोईसरच्या खोलीत पंख्याखाली बसून अहवाल लिहायचा. पाड्यांवरची पायपीट सुगंधाबाईंची. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा कारखान्यात. वाणगावच्या पुढे एका पाड्यावर त्यांनी सहा वर्षं बालवाडी चालवली, तेव्हा कुठे तिथल्या बाया त्यांच्याशी मोकळेपणी बोलायला लागल्या.

ते सगळं मी एका शाईच्या पॅडने घालवलं. १९८८ साली मुंबईच्या देणगीदारांना हजेरीचा पुरावा हवा होता. मी पॅड दिला आणि म्हटलं, "आयांचे अंगठे घेऊन या."

"उषाताई, अंगठे नको. यांच्या जमिनी अंगठ्यावरच गेल्यात."

"उगाच फाटे फोडू नका," मी म्हटलं. माझी अक्कल शेण खायला गेली होती.

पॅड उघडला तशा बाया उठल्या आणि पोरं काखोटीला मारून चालत्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत कुणी फिरकेना. सुगंधाबाई दिसल्या की दारं लागायची.

महिन्याभरात पाड्यावर गोवर आला. भागीच्या दोन वर्षांच्या जिवलीला धाप लागली. सुगंधाबाई दोन दिवस अंगणात बसून विनवत होत्या, दवाखान्यात नेऊ दे म्हणून. भागी दारातून हलेना.

"अंगटा मागलास, आता पोर मागतंस. दवाखान्यात नेलेला मानूस परत येत नाय." तिच्या दिराला असंच नेलं होतं. त्याची मातीसुद्धा घरी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीतून तोच पॅड काढला. मॅट्रिक झालेल्या त्या. पण स्वतःचा अंगठा शाईत दाबला, कागदावर उमटवला आणि कागद भागीच्या हातात दिला.

"हा माझा अंगठा. जिवलीला मी परत आणीन. नाही आणली तर हा घेऊन माझ्या दारात ये."

भागीने कागद चोळीत खोचला आणि पोर दिली.

पालघरला डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायची. दुपारी जिवली गेली.

निरोप मिळून मीही बोईसरहून तिथे पोचले होते. मी म्हटलं, "तुम्ही जाऊ नका, लोक मारतील. निरोप पाठवू."

"तुमचा लोकसंपर्क तुमच्यापाशी ठेवा," त्या माझ्यावर खेकसल्या. पोर लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि ट्रकमध्ये बसल्या. मीही चढले.

भागीने आरडाओरडा केला नाही. पोर घेतली, घरात निजवली. मग बाहेर येऊन चोळीतला कागद सुगंधाबाईंना परत दिला.

"बोललीस तशी आनलीस," ती म्हणाली.

सुगंधाबाई तिथेच मातीत बसल्या आणि ऊर फुटेस्तोवर रडल्या. चार दिवसांनी शेजारच्या मंगळीने आपलं तापलेलं पोर स्वतःहून त्यांच्याकडे दिलं. ते जगलं.

'लोकांचा विश्वास संपादन केला' असं मी दरवर्षी अहवालात लिहायचे. त्या वर्षापासून ते वाक्य मला लिहवलं नाही.