सोपटाचा गजरा

निर्मळ गावातल्या आमच्या वाडीत मोठ्या जावेने सकाळी केलेला गजरा संध्याकाळपर्यंत टवटवीत राहायचा आणि माझा दुपारीच मान टाकायचा. मोगरा एकाच ताटव्यातला, गाठही तीच. सासूबाई मात्र देवळात जाताना न विचारता तिचाच गजरा माळायच्या आणि माझ्या पोटात दुखायचं.

ती केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट भिजवून त्याचे धागे काढायची. मला तो गावंढळपणा वाटायचा. मी आगाशीच्या बाजारातून पॉलिस्टरचं रीळ आणलं होतं. ते ओढून तुटत नाही, कुजत नाही. एकदा हट्टाने तेही पाण्यात बुडवून ठेवलं. बाहेर काढून झटकलं, तर कोरडं ठणठणीत. पॉलिस्टर पाणी पीतच नाही. सोपट पितं, धरून ठेवतं आणि कळ्यांना दिवसभर गारवा देतं.

शेवटी नाक मुठीत धरून मीही सोपटावर गजरा केला. संध्याकाळी तो तसाच ताजा होता. सासूबाईंनी तो माळला, आरशात पाहिलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "आज अगदी मोठीसारखा जमलाय गं."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पॉलिस्टरवर आले. माझा गजरा कोमेजतो, पण माझा म्हणून कोमेजतो.