म्हशीसारखी होडी

माझ्या साडूची होडी पांढरी होती आणि तिला निळा काठ होता. लोणावळ्यातला बंगला विकून निघालेल्या एका साहेबाकडून त्यानं ती घेतली, आणि आमच्या गावापर्यंत ती आली माझ्याच बैलगाडीतून. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक गाडी थांबवून विचारायचे, "कुणाची वो?" आणि मला सांगावं लागायचं, "साडूची." तेव्हापासून जे माझ्या पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

आमचं गाव टाकव्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी. धरण झालं तेव्हा माझी निम्मी भातखाचरं पाण्याखाली गेली. आम्ही भात लावणारी माणसं. गुडघाभर पाण्यातलं आम्हाला सगळं कळतं, त्याच्या वरचं काही कळत नाही. गावात होडी अशी कुणाकडे नव्हतीच.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोणावळ्याला रेल्वेत नोकरी, कपडे कायम इस्त्रीचे. रविवारी तो गाडीनं कामशेतला उतरायचा आणि चालत आमच्याकडे यायचा, खिशात माझ्या मुलांसाठी गुळदाणी घेऊन. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. होडी आठवडाभर आमच्या काठाला बांधलेली असायची आणि तिची राखण मी करायचो. रविवारी मात्र तिच्यात साडू बसायचा, आणि माझं एक पोर. होडी अरुंद, त्यामुळे एका वेळी एकच. उरलेली दोन काठावर भोकाड पसरायची आणि त्यांना कडेवर घेऊन मी उभा. माझ्याच बुडालेल्या खाचरांवरून हा माणूस माझ्याच पोराला घेऊन मासे धरत फिरायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मी ठरवलं, आपणही होडी घ्यायची. मला एकच हवं होतं. एका रविवारी माझी तिन्ही पोरं एकदम माझ्या होडीत बसावीत, आणि साडूनं ते लांबून बघावं.

धरणाच्या कामावर कोकणातून आलेला एक सुतार टाकव्याला राहिला होता, त्याच्याकडे दोन होड्या विकायला होत्या. आमच्याकडे कुठलीही मोठी वस्तू घ्यायची ती बैलासारखी, म्हणजे जाणत्याला बरोबर घेऊन. म्हणून मी शेजारच्या आबांना नेलं. तळेगावच्या बाजारात आबांनी बोट ठेवलेला बैल कधी वाया गेला नव्हता. आबा दोन्ही होड्यांभोवती फिरले, दोघींच्या पाठीवर थाप मारली, पुढचं टोक उचलून बघितलं.

"ही घे," आबा म्हणाले. "अंगानं सडपातळ, मान वर. ही पळनारी हाय."

"आन् ती दुसरी?"

"ती गाभण म्हशीवानी बसलीया. तिला कोन इचारतंय?"

मलाही सडपातळच आवडली होती, कारण ती साडूच्या होडीसारखी दिसत होती. सुतार म्हणाला, रविवारी चालवून बघा, मग ठरवा.

रविवारी सगळं घर काठावर आलं. साडू पांढऱ्या होडीतून माझ्या मधल्या मुलीला फिरवून आणत होता. मी सुताराच्या सडपातळ होडीत पाय ठेवला आणि गाडीवान गाडीत उभा राहतो तसा ताठ उभा राहिलो. उभं राहूनच हाकायचं एवढं मला माहीत. पुढं काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी पाण्याखाली होतो. वर आलो तर पाणी कमरेइतकंच होतं, आणि माझी पोरं पोट धरून हसत होती. साडूनं होडी जवळ आणून वल्हं पुढं केलं आणि अगदी मायेनं म्हणाला, "धरा पाव्हणं. आधी बॅलन्स शिकायला पाहिजे." मी वल्हं धरलं नाही. चिखल तुडवत तसाच काठावर आलो.

संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "होडीच वाकडी हाय. सुतारानं फसवलं."

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "लेकरं म्हशीच्या पाठीवर बसत्यात, का शर्यतीच्या बैलावर? तुमाला लेकरं बसवायची हायती का दाजींसंगं शर्यत लावायची हाय?"

भाकरी थापता थापता तिनं आणखी एक सांगितलं.

"दाजींकडं पांढरी होडी हाय. तुमच्याकडं तीन लेकरं हायती. आता कुणी कुणावर जळायचं?"

मी उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सडपातळ होडी सुताराला परत केली आणि ती गाभण म्हशीसारखी होडी आणून आम्ही पाण्यात घातली. बूड सपाट, पोट रुंद, दिसायला अगदी परातीची बहीण. मासा गळाला लागला की तिन्ही पोरं एकाच कडेला धावणार हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून घरची चार करडं आणून होडीत सोडली आणि एका बाजूनं शेवरीचा डहाळा दाखवला. चारही करडं त्या कडेवर एकमेकांच्या अंगावर चढली. होडी दोन बोटं खाली गेली आणि थांबली. पाण्याचा थेंब आत आला नाही. मग दुसऱ्या बाजूनं डहाळा दाखवला, तरी तेच. मी स्वतः त्या कडेवर जाऊन बसलो, तरी तेच.

"आता दूध किती देती ते बी इचार," आबा म्हणाले. ते माझ्यावर रागावले होते. पण भातावर सौदा झाला आणि होडी माझी झाली.

धाकटा म्हणाला, "पर काकाची पांढरी हाय." तेव्हा मी तिला आतून बाहेरून चुना फासला. तो पाण्यात किती टिकतो हे मला कोण सांगणार?

रविवार आला. चड्ड्या आणि परकर चुन्यानं माखून घेत तिन्ही पोरं माझ्या होडीत बसली. मीही यावेळी बसूनच वल्हं मारलं. बांबूच्या काठ्या, गळाला गांडूळ, आणि खाली आमची खाचरं. थोड्याच वेळात थोरल्याच्या गळाला चांगली हातभर मरळ लागली. तिन्ही पोरं ओरडत त्या कडेला धावली. होडी दोन बोटं खाली गेली आणि थांबली.

मी लगेच मान वळवून साडूकडे बघितलं. तो पांढऱ्या होडीत एकटाच होता. काठी हातात होती, पण त्याचं लक्ष गळाकडे नव्हतं, आमच्याकडे होतं. माझ्या जिवाला इतकी गार सावली मिळाली म्हणून सांगू. उन्हाळाभर जे त्यानं मला पाजलं ते आज तो पीत होता.

तेवढ्यात धाकटा उभा राहून हाका मारायला लागला.

"काका, हितं या. हितं लय जागा हाय."

आता नाही कसं म्हणणार? जागा होतीच, काठावरून बायकोलाही दिसत होती. साडू आला. त्याची होडी डुचमळत होती, म्हणून मीच त्याला हात दिला. पांढरी होडी मागं बांधली. तो एका कडेला बसला, आयत्या बिळावर नागोबा, आणि त्यानं खिशातून गुळदाणी काढली.

माझी तिन्ही पोरं उठली आणि त्याच्याकडे गेली. धाकटा मांडीवर, मधली एका अंगाला, थोरला दुसऱ्या. मरळ कशी लागली ते थोरला मला सांगावं तसं त्याला सांगत होता. समोरच्या कडेला वल्हं धरून मी एकटा.

होडी जरा तरी कलंडावी असं मला फार वाटलं. म्हणजे "इकडं सरका रे" असं मला म्हणता आलं असतं. मी वाट बघितली. ती दोन बोटं खाली गेली आणि थांबली. तशीच मी पारखून घेतली होती.